७३ चेंडूंवर स्नेलला काढलं ते बरोबर होतं का? (२०२० वर्ल्ड सिरीज, सामना सहावा)

आकडेमोड्या

२०२५ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) लॉस एंजेलिस डॉजर्सने घेतल्यापासून पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेलचं नाव परत कानावर पडतंय, आणि त्याच्यामागोमाग २०२० चा तो वादही. इथे बेसबॉल बघणारे किती आहेत माहीत नाही, म्हणून आधी सामना सांगतो.

२७ ऑक्टोबर २०२०. टेक्ससमधलं आर्लिंग्टन, ग्लोब लाइफ फील्ड. कोविडमुळे मोसम १६२ ऐवजी ६० सामन्यांचा आणि वर्ल्ड सिरीज सगळी याच एका मैदानावर. सातपैकी चार सामने जिंकायचे, डॉजर्स ३-२ ने पुढे, त्यामुळे टॅम्पा बे रेजला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्याच इनिंगमध्ये रँडी अरोझरेनाने होमरन मारला. त्या प्लेऑफमधला (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमधला) त्याचा दहावा, विक्रमच तो. १-०.

त्यानंतर रेजच्या स्नेलने डॉजर्सना अक्षरशः नाचवलं. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर नवव्या क्रमांकाच्या ऑस्टिन बार्न्सने सिंगल (एका बेसचा फटका) मारला. त्या क्षणी स्नेलचा हिशोब असा: ५ इनिंग आणि वर एक आउट, १८ बॅटर, २ हिट, वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा बेस) शून्य, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ९, चेंडू फक्त ७३. पुढे येणार होते मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर. हे तिघे मिळून त्या रात्री सहा वेळा स्नेलसमोर उभे राहिले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परतले होते.

आणि रेजचा मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर आला! स्नेल काय पुटपुटला ते ओठांवरून साऱ्या जगाने वाचलं, इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

आत आला बदली पिचर निक अँडरसन. बेट्सचा डबल (दोन बेसचा फटका). वाइल्ड पिच (कॅचरच्या हाती न लागलेला चेंडू), बार्न्स घरी, १-१. सीगरचा फर्स्ट बेसकडे ग्राउंडर, चोईने घरी फेकेपर्यंत बेट्स पोचलेला, २-१. पुढे आठव्या इनिंगमध्ये बेट्सने पीट फेअरबँक्सला होमरन ठोकला, ३-१. १९८८ नंतर डॉजर्सचं पहिलं विजेतेपद.

तेव्हापासून 'आकडेवारीवाल्यांनी खेळाची वाट लावली' याचा पुरावा म्हणून हाच सामना दाखवला जातो. मी स्वतः आकड्यांच्या बाजूचा माणूस. तरी हा निर्णय मला पटलेला नाही. तुमचं काय मत?

---

निळीशाई

रुमाल टाकून ठेवतेय. अँडरसनबद्दल बोलायचंय, रात्री सविस्तर लिहिते.

---

गल्लीक्रिकेट

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुलतान, २००४, सचिन नाबाद १९४, आणि द्रविडने डाव घोषित केला. जखम भरलेली नाही. स्नेलभाऊंच्या दुःखात सहभागी.

---

डॅलसचा_दिन्या

मी होतो स्टेडियममध्ये. चाळीस हजारांच्या मैदानात अकरा हजारांच्या आसपास लोक, चार-चार जणांचे कोंडाळे करून लांब लांब बसवलेले, तोंडावर मास्क. आवाज कसा तो नव्हताच, त्यामुळे चेंडू मिटमध्ये बसल्याचा खाडकन आवाज वरच्या मजल्यापर्यंत यायचा. स्नेलचा तर फारच.

कॅश पायऱ्या चढून बाहेर आला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतली निळ्या जर्सीतली मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली. समोरच्या संघाच्या मॅनेजरसाठी! नंतर बेट्सनेही जाहीरपणे सांगितलं की स्नेल गेला याचं त्याला बरं वाटलं. बॅटर सुटकेचा निःश्वास टाकतोय तर निर्णय चूकच. आणखी कसले आकडे हवेत?

---

आकडेमोड्या

@गल्लीक्रिकेट, मुलतानला सचिनचं द्विशतक हुकलं, पण सामना आपण डाव आणि ५२ धावांनी जिंकला. इथे सामना गेला, सिरीज गेली. तुमची जखम वेगळी, ही वेगळी.

@दिन्या, भाग्यवान आहात. पण बॅटरला बरं वाटणं हा पुरावा नाही हो. पुढचा पिचर पाहून घाबरलो असं जिंकल्यावर कोण म्हणेल?

---

गल्लीक्रिकेट

जखमेची प्रतवारी करणाऱ्या आकडेमोड्या यांचा जाहीर निषेध. (ह. घ्या.)

---

लेफ्टीलक्ष्मण

आता कॅशच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, तर मीच बोलतो. बॉस्टनमध्ये राहून टॅम्पाची वकिली करतोय म्हणून इथले मित्र वाळीत टाकतील, हरकत नाही.

आकडेमोड्यांनी १८ बॅटर असं लिहिलंय, त्यातच सगळं आलं. नऊ दुणे अठरा. म्हणजे डॉजर्सची अख्खी फळी बरोब्बर दोनदा स्नेलला बघून झाली होती आणि बेट्स तिसऱ्यांदा येणार होता. पिचर तिसऱ्या फेरीत गेला की बॅटर त्याला जास्त मारतात, हे वर्षानुवर्षांच्या माहितीतून दिसलेलं आहे. सामन्यानंतर कॅशने कारणही तेच सांगितलं: बेट्स आणि सीगरने स्नेलला तिसऱ्यांदा पाहायला नको होतं.

हा काही त्या रात्री अंगात आलेला लहरीपणा नव्हता. त्या वर्षी स्नेलने एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. ना साखळीत, ना प्लेऑफमध्ये. रेजचा संघ चालायचाच असा. २०१८ मध्ये सर्जिओ रोमोसारख्या रिलीव्हरला (मधूनच येणाऱ्या पिचरला) सामन्याच्या सुरुवातीला एखादी इनिंग टाकायला लावून 'ओपनर' प्रकार त्यांनीच रुळवला. ज्याच्याकडे डॉजर्सच्या जेमतेम पाव पगाराचा संघ आहे त्याने वेगळी वाट काढली नाही तर तो वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचतच नाही. ६० पैकी ४० सामने याच पद्धतीने जिंकले. मग शेवटच्या आठवड्यात अचानक पद्धत बदलायची?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. डॉजर्सचा सुरुवातीचा पिचर टोनी गोन्सोलिन, त्याला मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने दुसऱ्याच इनिंगमध्ये काढलं. पाच आउट, बस्स. एकूण सात पिचर वापरले. त्याला कोणी 'आकड्यांचा गुलाम' म्हणालं? नाही, कारण तो जिंकला.

---

पोह्यांवर_शेव

+१ लक्ष्मण. आणि डॉजर्सचा कारभार बघणारा अँड्र्यू फ्रीडमन मूळचा रेजचाच. विद्यार्थी आणि मास्तर एकाच शाळेचे, फक्त एकाच्या खिशात पैसे.

---

मोरपंखी

भाबडा प्रश्न: पिचर थकलेला नसताना तिसऱ्यांदा काय फरक पडतो? ७३ चेंडू म्हणजे जेमतेम बारा षटकं.

---

लेफ्टीलक्ष्मण

@मोरपंखी, प्रश्न भाबडा नाही, मुद्द्याचा आहे. पारंपरिक उत्तर असं की थकवा दुय्यम, ओळख महत्त्वाची. चेंडू हातातून सुटतो कसा, स्लायडर कुठे वळतो, पहिला चेंडू काय टाकतो, हे बॅटरच्या डोळ्यात बसलेलं असतं. म्हणून ताजा, अनोळखी हात आणायचा.

---

खडीसाखर

संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही.

त्या 'तिसऱ्या फेरी'बद्दल २०२३ मध्ये एक शोधनिबंध आला होता. त्याचं म्हणणं असं की दुसरी फेरी संपून तिसरी सुरू होताना कुठलाही कडा नाही. पिचर हळूहळू, चेंडूगणिक उतरत जातो. १८वा बॅटर आणि १९वा बॅटर यांच्यात उडी दिसत नाही. तीन लेखकांपैकी एकाचं आडनाव देशपांडे, त्यामुळे वाचताना उगाच आपलेपणा वाटला. :) अर्थात हे २०२० मध्ये कॅशच्या हातात नव्हतं. त्याला दोष देता येणार नाही, पण 'विज्ञानाने ठरवलं' असं म्हणायलाही फार जागा नाही.

दुसरं. 'सरासरी' ही हजारो रात्रींची असते. त्यातल्या बहुतेक रात्री पिचर ठीकठाक असतो. इथे समोर जी रात्र आहे तिच्यात १६ आउटपैकी ९ स्ट्राइकआउट आणि वॉक एकही नाही. हीसुद्धा माहितीच आहे, आकडेवारीच आहे! सरासरी टाकून द्यायची नाही, पण या रात्रीने ती किती हलवायची हे ठरवायला लागतं. कॅशने ती जवळजवळ हलवलीच नाही असं मला दिसतं.

लक्ष्मण यांचा गोन्सोलिनचा मुद्दा मात्र मान्य. निकाल बघून निर्णयाला मार्क देणं ही आपल्या सगळ्यांची खोड आहे.

---

आकडेमोड्या

खडीसाखर, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही चार ओळींत म्हणालात. त्यात आणखी एक भर: स्नेल डावखुरा, आणि बेट्स २०२० मध्ये डावखुऱ्या पिचरसमोर .२०० ने (दहात दोन हिट) खेळत होता. उजव्यांसमोर .३०० च्या वर. म्हणजे कॅशने डावखुरा काढला आणि बेट्सला हवा तसा उजवा आणून दिला!

---

खडीसाखर

थांबा थांबा. .२०० वर फार भार टाकू नका. साठ सामन्यांच्या मोसमात डावखुऱ्यांसमोरचे चेंडू असे कितीसे असणार? आदल्या वर्षांत बेट्स डावखुऱ्यांनाही झोडपत होता, २०१८ चा मोसम बघा. आपल्याला सोयीचा आकडा छोट्या नमुन्यातला असला तरी चालतो आणि कॅशचा मात्र चालत नाही, असं नको.

---

पोह्यांवर_शेव

बाईंनी दोन्ही बाजूंना अंगठे धरून उभं केलंय. पॉपकॉर्न आणतो.

---

भाजणीचं_थालीपीठ

अवांतर: आम्ही हा सामना ठाण्यात पाहिला होता, पहाटे साडेपाचला उठून. लॉकडाऊनमध्ये ह्यांना कुठूनसं बेसबॉलचं वेड लागलं, मग मीही बसायला लागले. नऊला सामना संपला आणि ह्यांनी त्याच तोंडाने ऑफिसचा कॉल घेतला. तिकडच्या साहेबाने विचारलं, 'घरी कोणाला बरं नाही का?'

बाकी सासूबाईंचा एकच आक्षेप होता, हे लोक मैदानात सारखे थुंकतात कशाला. कोविडमध्ये थुंकायला बंदी आल्यावर मात्र त्यांनी बेसबॉलला पास केलं.

---

गल्लीक्रिकेट

सासूबाईंना कमिशनर करा.

अवांतराला अवांतर: ते आपल्याकडचे दोन भालाफेकवाले पोरगे बेसबॉलला गेले होते ना? त्यांचं काय झालं?

---

डॅलसचा_दिन्या

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे. कोण जोरात फेकतो अशी स्पर्धा घेऊन निवडले, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेश लवकर परतला, रिंकू बरीच वर्षं खालच्या लीगमध्ये टाकत राहिला. डावखुराच तो. वरच्या लीगपर्यंत काही पोचला नाही. पुढे चक्क कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईत 'वीर महान' म्हणून कपाळाला भस्म लावून उतरायचा तो हाच.

---

मोरपंखी

काय सांगता! तो वीर महान? आमच्या भाच्याचा देव आहे तो. धागा वसूल.

---

निळीशाई

आले. एवढ्यात पाणी बरंच वाहून गेलेलं दिसतंय.

सगळे स्नेलला काढावं की नाही यावर भांडताहेत. माझ्या मते तो प्रश्न अर्धाच आहे. पिचर हवेत काढता येत नाही, त्याच्या जागी कोणीतरी आणावा लागतो. तुलना स्नेल तिसऱ्या फेरीत विरुद्ध *निक अँडरसन त्या दिवशी* अशी हवी. आणि तिथे कॅशची बाजू लंगडी पडते.

साखळीतला अँडरसन राक्षस होता. १६ इनिंग आणि एक आउट, त्यात २६ स्ट्राइकआउट, ३ वॉक, ईआरए ०.५५. (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, नवीन मंडळींसाठी.) कॅशच्या डोक्यात हा अँडरसन होता. पण प्लेऑफमधला अँडरसन हा नव्हेच. या सामन्याआधी लागोपाठ सहा वेळा तो आला आणि सहाही वेळा त्याने धाव दिली. त्या रात्रीची सातवी. प्लेऑफ संपता संपता त्याचा ईआरए ५.५२ होता. पुढच्या वर्षी वसंतात कळलं की त्याच्या कोपरातला अस्थिबंध फाटलाय, २०२१ चा जवळजवळ सगळा मोसम गेला. ऑक्टोबरमध्येच हात दुखावला होता की नाही यावर मी काही म्हणणार नाही. पण चेंडूत जीव नव्हता हे टीव्हीवर दिसत होतं.

आता छोट्या नमुन्याचा मुद्दा खडीसाखर माझ्यावरही टाकतील. टाका. पण ०.५५ हासुद्धा सोळा इनिंगचाच नमुना आहे आणि ५.५२ हा पंधराला एक आउट कमी. दोन्ही सारखेच तोकडे. मग जुना तोकडा खरा आणि ताजा तोकडा खोटा का?

शिवाय एक नियम विसरू नका. २०२० पासून नवीन पिचर आला की त्याने किमान तीन बॅटर खेळवायचे, नाहीतर इनिंग संपवायची. म्हणजे अँडरसनला आणणं म्हणजे एका बेट्ससाठी आणणं नव्हे. बेट्स, सीगर, टर्नर, तिघेही त्याच्याच पदरात. बेट्सने डबल मारल्यावर कॅशची इच्छा असती तरी डावखुऱ्या सीगरसाठी डावखुरा आणता आला नसता. तो नियम नसता तर कदाचित त्याचा जुगार मला एवढा खटकला नसता.

मी असते तर? स्नेलला बेट्ससमोर ठेवलं असतं. बेट्स बेसवर गेला असता तर काढलं असतं. आणि काढायचंच होतं तर डिएगो कॅस्टिलो होता की बुलपेनमध्ये (बदली पिचर तयार बसतात तिथे).

---

डॅलसचा_दिन्या

दंडवत. _/\_

---

लेफ्टीलक्ष्मण

निळीशाई, प्रतिसाद उत्तम, आणि अँडरसनबद्दल माझ्याकडे खरंच उत्तर नाही. पण मग असं म्हणूया की कॅश चुकला तो *कोण* यात, *केव्हा* यात नाही.

आणि मघाशी राहिलं ते: रेजने त्या अख्ख्या सामन्यात एकच धाव केली, तीही पहिल्या इनिंगमध्ये. गोन्सोलिननंतर आलेल्या सहा जणांनी त्यांना काही म्हणता काही करू दिलं नाही. शेवटी हुलिओ उरिआसने सात बॅटर, सात आउट. रॉबर्ट्सने शेवट करायला नेहमी येणाऱ्या केनली जॅन्सनला बाजूला ठेवून त्यालाच शेवटपर्यंत टाकू दिलं. चौथ्या सामन्यात जॅन्सनच्या हातून शेवटच्या चेंडूवर सामना निसटला होता, ते रॉबर्ट्स विसरला नाही. एका धावेवर तुम्ही वर्ल्ड सिरीजचा सामना किती वेळा जिंकाल? स्नेल कितीही वेळ राहिला असता तरी स्वतः बॅट घेऊन जाणार नव्हता.

---

निळीशाई

म्हणजे रॉबर्ट्सने ताजा छोटा नमुना बघितला आणि जॅन्सनला बसवलं. कॅशने नाही बघितला. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार. :)

---

पोह्यांवर_शेव

बोल्ड!

---

तळ्यात_मळ्यात

लक्ष्मण बॉस्टनचे आहेत म्हणून आठवण करून देतो. १६ ऑक्टोबर २००३, यांकी स्टेडियम, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. बॉस्टनचे रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये ५-२ ने पुढे. पेद्रो मार्टिनेझचे शंभराच्या वर चेंडू झालेले, आणि त्या मोसमात शंभरीनंतर पेद्रोला बॅटर जास्त मारतात हे आकडे संघाकडे होते. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेद्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. यांकीजनी ५-५ केलं, अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनने टिम वेकफील्डला होमरन मारला, खेळ खलास. लिटलची नोकरी गेली.

एकाने आकडे ऐकले नाहीत म्हणून लोक शिव्या घालतात, दुसऱ्याने ऐकले म्हणून घालतात. कॅशला तर त्याच मोसमासाठी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा किताब मिळाला, मतं प्लेऑफआधीच पडलेली असतात म्हणून. हरल्यानंतर थोड्याच दिवसांत जाहीर झाला. घरी ट्रॉफी कुठे ठेवली असेल कोण जाणे.

---

लेफ्टीलक्ष्मण

बूनचं नाव या घरात घेत नाहीत. आता तो यांकीजचा मॅनेजर आहे, दरवर्षी ऑक्टोबरात हरतो, तेवढंच काय ते समाधान.

---

मोरपंखी

हे जस्टिन टर्नरचं काय प्रकरण होतं? शोधायला गेले तर सामन्यापेक्षा त्याच्याच बातम्या जास्त.

---

डॅलसचा_दिन्या

सामना चालू असताना त्याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं कळलं, आठव्या इनिंगपासून त्याला बाहेर बसवलं. आम्हाला स्टेडियममध्ये काहीच पत्ता नाही, दुखापत झाली असेल म्हणत होतो. आणि जिंकल्यावर हा पठ्ठ्या मैदानात परत, मास्क काढून सगळ्यांबरोबर फोटोत, करंडकाशेजारी! आम्ही तिकिटाच्या रांगेत सहा-सहा फुटांवर उभे राहिलो होतो. फार संताप आला होता तेव्हा.

---

आकडेमोड्या

धागा बराच फिरून आला. मुळात हा विषय आता काढायचं कारण सांगायचंच राहिलं.

रेजने स्नेलला त्याच डिसेंबरमध्ये सॅन डिएगोला देऊन टाकलं. २०२३ मध्ये त्याने तिथे दुसरा साय यंग पुरस्कार (मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा) घेतला (पहिला २०१८ चा, रेजकडून, २१-५ आणि ईआरए १.८९). २०२४ मध्ये जायंट्सकडून नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता) टाकला, त्याच्या कारकिर्दीतला पहिलाच पूर्ण सामना. आणि २०२५ मध्ये तो कोणाकडे? डॉजर्सकडे. १३ ऑक्टोबरला मिलवॉकीत ब्रुअर्सविरुद्ध: ८ इनिंग, १ हिट, वॉक शून्य, १० स्ट्राइकआउट, १०३ चेंडू. ज्याला एकमेव हिट मिळाला तो धावपटूही त्याने बेसवरच पकडला, म्हणजे २४ बॅटर, २४ आउट. १-० ने पुढे असताना रॉबर्ट्सने त्याला सातवी दिली, आठवी दिली. बॅटर तिसऱ्या फेरीत आले आणि तसेच गेले. शेवटी २-१ असा सामना घेतला, तोही स्नेल गेल्यावर नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने जीव टांगणीला लावून, बेसेस भरून.

हे बघताना मला २०२० चा सहावा सामना आठवणार नाही तर काय?

---

लेफ्टीलक्ष्मण

सोयीस्कर थांबलात आकडेमोड्या. अकरा दिवसांनी, २४ ऑक्टोबर, टोरांटो, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. तोच स्नेल, तोच रॉबर्ट्स. ताणत ताणत त्याला सहाव्या इनिंगमध्ये पाठवला. एकही आउट मिळाला नाही, बेसेस भरून बाहेर आला. ब्लू जेजनी त्या एका इनिंगमध्ये ९ धावा कुटल्या, एडिसन बार्जरने बदली बॅटर म्हणून येऊन ग्रँड स्लॅम (बेसेस भरलेले असताना होमरन) मारला. ११-४. त्या रात्री कॅश फ्लोरिडात घरी बसून काय म्हणाला असेल?

---

तळ्यात_मळ्यात

'पायऱ्या चढ रे बाबा' असं म्हणाला असेल.

---

खडीसाखर

या दोन सामन्यांतला फरकच सांगतो की फेरी मोजून काम भागत नाही. मिलवॉकीत स्नेलने एकही वॉक दिला नाही. टोरांटोत पहिल्या इनिंगपासून तो घाम गाळत होता, चेंडू वाया जात होते, बेसवर माणसं होती. टोरांटोत काढायला उशीर झाला, मिलवॉकीत ठेवलं ते योग्य. आर्लिंग्टनचा सामना यातल्या कुठल्या रात्रीसारखा होता? ९ स्ट्राइकआउट, वॉक नाही, ७३ चेंडू. मला तरी मिलवॉकीसारखा दिसतो.

---

लेफ्टीलक्ष्मण

तुम्हाला मिलवॉकीसारखा दिसतो कारण मिलवॉकी होऊन गेलंय. २०२० च्या कॅशसमोर त्या अख्ख्या मोसमात सहावी इनिंग पूर्ण न केलेला पिचर होता. माझं मत तिथेच आहे: काढायची वेळ बरोबर, आणलेला माणूस चूक. अँडरसनपुरती निळीशाईंना शरण.

---

निळीशाई

अर्धी शरणागती स्वीकारली.

---

मोरपंखी

इतकं वाचून आता बघावंसं वाटतंय. मोसम तर संपला. पुढचं काय बघू, कुठून सुरुवात करू?

---

आकडेमोड्या

मार्च २०२६ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, देशांची स्पर्धा. तिथूनच करा. सामने थोडे, जपान-अमेरिका-डॉमिनिकन असे तगडे संघ. आणि हा वादही तिथे होत नाही. क्लबांना आपल्या पिचरचे हात जपायचे असतात म्हणून चेंडूंवर मर्यादाच असते. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८०, पुढे ९५ अशी होती.

---

गल्लीक्रिकेट

म्हणजे पहिल्या फेरीत स्नेल ७३ पर्यंतसुद्धा पोचला नसता. कॅशला तिकडे पाठवा, सुखी होईल.